एका मिनिटाची ओळख

सकाळचे साडेसात वाजलेले असतात. मुंबईकडच्या एखाद्या हॉटेलच्या दालनांत तीस-चाळीस माणसें गोल टेबलांभोवतीं बसलेलीं असतात. कोणाच्या हातांत चहाचा पेला, कोणापुढें उपम्याची बशी. कोणी रंगकामाचा कंत्राटदार, कोणी विम्याचा प्रतिनिधि, कोणी घरगुती समारंभांचीं जेवणें करून देणारी बाई, कोणी संगणक दुरुस्त करणारा. अध्यक्ष घंटी वाजवितात आणि एकेक जण उठून आपल्या व्यवसायाविषयीं बोलूं लागतो. प्रत्येकाच्या वांट्याला वेळ एकच मिनिट. तें संपल्याची घंटी झाली कीं वाक्य अर्धें राहिलें तरी खालीं बसावयाचें, असा तेथील रिवाज.

खालीं बसणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचें मिनिट कसें गेलें हें बहुधा ओळखतां येतें. पुष्कळांचें तें वायां गेलेलें असतें. घरून ठरवून आलेलें असतें एक आणि उभें राहिल्यावर होतें भलतेंच. नांव, पत्ता, पेढीची स्थापना आणि वडिलांची पुण्याई यांतच चाळीस सेकंद जातात. उरलेल्या विसांत आठ प्रकारचीं कामें सांगावयाचीं म्हणून जीभ धांवत सुटते. आणि घंटी वाजते तेव्हां समोरच्या मंडळींना एवढेंच कळलेलें असतें कीं, हा गृहस्थ पुष्कळ कांहीं करतो. नेमकें काय करतो, तें कोणाच्याच ध्यानांत राहिलेलें नसतें.

ही रीत कांहीं कालपरवांची नव्हे. १९०५ सालच्या फेब्रुवारींत शिकागो शहरीं पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें आपल्या तीन परिचितांना एकत्र जमविलें. त्यांतला एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता आणि एक शिंपी. पाळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत भेटावयाचें, म्हणून या मंडळाला रोटरी हें नांव पडलें. एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यावयाचा हा त्यांचा दंडक, आणि सभासदांनीं परस्परांच्या धंद्याला हातभार लावावा हा प्रारंभींच्या हेतूंपैकीं एक. पुढें रोटरीनें सेवाकार्याला अग्रस्थान दिलें; पण एका धंद्याचा एकच प्रतिनिधि ही कल्पना टिकून राहिली. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांत आयव्हन मायझनर यांनीं काढलेल्या बी. एन. आय. या संस्थेनें ती उचलली, आणि आठवड्याच्या सभेंत प्रत्येक सभासदाच्या मिनिटभर बोलण्याला तिनें जवळजवळ विधीचें स्वरूप दिलें. महाराष्ट्रांत माधवराव भिडे यांनीं २००० सालीं सुरू केलेला सॅटर्डे क्लब हा मराठी उद्योजकांना असाच एकमेकांजवळ आणणारा. आज अशा सभा मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहींत. जिल्ह्याच्या गांवींही त्या भरतात.

तेव्हां प्रश्न असा कीं, या एका मिनिटांत करावयाचें तरी काय? बहुतेकांची समजूत अशी कीं, समोर चाळीस गिऱ्हाइकें बसलीं आहेत आणि त्यांना माल विकावयाचा आहे. सारा घोटाळा येथूनच सुरू होतो. त्या चाळीस जणांपैकीं गच्चीची दुरुस्ती करून घ्यावयाची आहे असा माणूस त्या सकाळीं एकही नसण्याचा संभव फार. मात्र त्या प्रत्येकाचा मेहुणा, शेजारी, अशील, डॉक्टर, मुलाच्या शाळेंतील इतर पालक असा गोतावळा असतो; आणि गळकी गच्ची त्या गोतावळ्यांत कोठेंतरी असते. म्हणजे समोर बसलेला माणूस हा गिऱ्हाईक नव्हे, तो निरोप्या आहे. बोलणाऱ्यानें त्याच्या हातीं निरोप द्यावयाचा आहे. आणि निरोप असा हवा कीं, तो चार दिवसांनीं, दुसऱ्याच माणसापुढें, मूळ बोलणारा जवळ नसतांना, त्याला जसाच्या तसा सांगतां यावा.

अशा दूरच्या ओळखींचें मोल समाजशास्त्रानेंही मापून पाहिलें आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, बोस्टनच्या एका उपनगरांत ज्यांनीं नुकतीच नोकरी बदलली होती अशा लोकांकडे केलेली चौकशी दिली आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्यानें विचारलें कीं, ज्याच्याकडून ही बातमी कळली तो तुम्हांला त्या सुमारास कितीदां भेटत असे? नेहमीं भेटणारा, असें सांगणारे शंभरांत सुमारें सतराच निघाले. मधूनमधून भेटणारा असें सांगणारे छप्पन, आणि क्वचित् भेटणारा असें सांगणारे अठ्ठावीस. कारण उघड आहे. जिवलग मित्राला जें ठाऊक असतें तें बहुधा आपल्यालाही आधींच ठाऊक असतें. दूरच्या ओळखीचा माणूस मात्र निराळ्याच वर्तुळांत वावरतो आणि तिकडची बातमी इकडे आणतो. हा पाहणीचा विषय नोकऱ्यांचा होता, धंद्याचा नव्हे. तथापि सकाळच्या त्या सभेंतील चाळीस माणसें याच जातीचीं असतात. आठवड्यांतून एकदां दिसणारीं, एकमेकांच्या घरीं न जाणारीं.

निरोप ध्यानांत राहण्यास आणखी एक अडचण आहे, ती क्रमाची. १९६२ सालीं बेनेट मर्डोक या मानसशास्त्रज्ञानें लोकांना शब्दांच्या याद्या ऐकवून त्यांतले आठवतील ते शब्द लिहावयास सांगितलें, तेव्हां यादीच्या आरंभींचे आणि विशेषतः शेवटचे शब्द अधिकांना आठवले. मधले पुष्कळ गळून गेले. वाण्याकडून आणावयाच्या जिनसांची यादी तोंडीं ऐकून निघालेल्या मुलाची गतही अशीच होते. चाळीस बोलणाऱ्यांत सत्राव्या किंवा बाविसाव्या क्रमांकावर ज्याची पाळी येते, त्याचें मिनिट अशा मधल्या जागीं पडतें. तेथें "दर्जेदार सेवा" आणि "माफक दर" हे शब्द टिकाव धरीत नाहींत. ते त्याच्या आधींच्या सोळा जणांनींही वापरलेले असतात. टिकतें तें डोळ्यांपुढें उभें राहणारें चित्र.

अमेरिकन व्यापारी अशा अतिलघु भाषणाला लिफ्टमधलें भाषण म्हणतात. लिफ्ट वर पोंचेपर्यंत सोबतच्या माणसाला सांगून संपावें, इतकें तें थोडकें. पण खुद्द लिफ्टच्या इतिहासांतच अशा भाषणाचा एक अस्सल नमुना सांपडतो. ओझीं वर चढविणारे पाळणे फार पूर्वींपासून होते. माणसें त्यांत पाय ठेवण्यास कचरत, कारण दोर तुटला कीं पाळणा थेट तळाशीं. एलिशा ग्रेव्ह्ज ओटिस हा न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गांवीं पलंगांच्या कारखान्यांत काम करणारा कारागीर. त्यानें १८५२ च्या सुमारास अशी युक्ति योजिली कीं, दोराचा ताण सुटतांच पाळण्याची कमान ताठ होऊन दोन्ही बाजूंच्या दांतेरी पट्ट्यांत अडकावी आणि पाळणा तेथल्या तेथें थांबावा. युक्ति चांगली, पण गिऱ्हाइकें येईनात. मग १८५४ सालीं न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनांत तो स्वतः पाळण्यावर उभा राहिला, लोकांच्या डोक्यांवर उंच गेला, आणि सर्वांच्या देखत त्यानें दोर तोडावयास लावला. पाळणा किंचित् घसरला आणि थांबला. बोलण्याचें काम फारसें उरलेंच नाहीं. १८५७ सालीं ब्रॉडवेवरील एका पांचमजली दुकानांत त्याची माणसें नेणारी लिफ्ट बसली.

ओटिसनें त्या वेळीं काय काय सांगितलें नाहीं, तें पाहण्यासारखें आहे. पाळणा किती ओझें उचलतो, किती वेगानें जातो, त्याला वाफ किती लागते, कारखाना केव्हां निघाला, यांतलें कांहीं त्या क्षणीं महत्त्वाचें नव्हतें. लोकांच्या मनांत भीति एकच होती, आणि त्यानें उत्तर तेवढ्याच भीतीला दिलें. ज्यानें तें दृश्य पाहिलें तो घरीं जाऊन एका वाक्यांत तें सांगूं शकत होता: दोर तोडला तरी माणूस पडला नाहीं.

आतां प्रदर्शनाचा तो भव्य मंडप सोडून पुन्हां त्या हॉटेलच्या दालनांत यावें. गच्च्यांची गळती बंद करणारा एक कंत्राटदार उठला आहे असें समजावें. त्याचें नेहमींचें बोलणें साधारण असें असतें: "नमस्कार. आमची पेढी गेलीं अठरा वर्षें बांधकामाशीं संबंधित सर्व सेवा पुरवीत आहे. वॉटरप्रूफिंग, रंगकाम, प्लॅस्टर, फरशी, प्लंबिंग अशीं सर्व कामें आम्ही दर्जेदार, वेळेवर आणि माफक दरांत करून देतों. कोणाचेंही कांहींही काम असल्यास अवश्य कळवावें." यांत खोटें कांहीं नाहीं, पण हातीं लागण्यासारखेंही कांहीं नाहीं. ऐकणारा घरीं जाऊन काय सांगणार?

तोच मनुष्य पुढीलप्रमाणें बोलला तर?

"पावसाळ्यांत इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरचें एखादें कुटुंब छताखालीं बादली ठेवून निजतें. सोसायटी दरवर्षीं गच्चीवर डांबर फांसते, आणि पुढल्या आषाढांत बादली पुन्हां जागेवर येते. ती बादली उचलणें हा आमचा धंदा. भेग कोठें आहे तें आधीं शोधतों, पाण्याचा उतार नीट करतों, वरचा थर त्यानंतर. काम झालें कीं गच्चीवर पाणी अडवून दोन दिवस तसेंच ठेवतों. खालचें छत कोरडें आहे हें सेक्रेटरींनीं स्वतः पाहावें, आणि शेवटचा हप्ता मग द्यावा. या महिन्यांत मला भेटावयाचें आहे तें पंचवीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या सेक्रेटरींना. ओळखीचें कोणी वरच्या मजल्यावर राहत असेल, तर त्यांना एवढेंच विचारा, बादली लागते का?"

हें सारें शंभरांच्या आसपास शब्दांत बसतें. साधारण गतीनें, श्वास घेत, मराठी बोलणारा माणूस मिनिटांत सव्वाशेच्या आगेमागे शब्द बोलतो. म्हणजे थांबावयास, कोणी हंसल्यास वाट पाहावयास आणि शेवटीं नांव पुन्हां एकदां सांगावयास यांत जागा राहते. मजकूर कसा आहे तेंही पाहावें. बादली हें चित्र. अडविलेलें पाणी हा पुरावा. ओटिसच्या तुटलेल्या दोराचेंच तें घरगुती रूप. आणि शेवटचा प्रश्न हा निरोप. तो कोणालाही पाठ करावा लागत नाहीं. आषाढांत मामाकडे गेलेल्या भाच्याला छताखालीं बादली दिसली कीं तो आपोआप आठवतो.

पण ग्यानबाची मेख आहे ती "कोणाचेंही कांहींही" या दोन शब्दांत. पुष्कळांना वाटतें कीं, जाळें जितकें रुंद तितके मासे अधिक. अनुभव उलटा येतो. "कोणाला घराचें काम करावयाचें असेल तर सांगा" असें ऐकल्यावर मनांत कोणीच उभा राहत नाहीं. "जुन्या इमारतीचा सेक्रेटरी" असें ऐकल्यावर दोघांतिघांचे चेहरे लगेच समोर येतात. मागणी जितकी नेमकी, तितकी ऐकणाऱ्याच्या स्मृतीला कामाला लावणारी. आणि सभा जर दर आठवड्याला भरत असेल, तर सगळींच कामें एका दिवशीं सांगण्याची घाई कशाला? वर्षांतून पन्नास मिनिटें मिळतात. एकदां गच्ची सांगावी, एकदां संडासाच्या भिंतीची ओल, एकदां पाण्याची टांकी. पन्नास वेळां तेंच तें सांगणारा माणूस दिसूं लागला कीं मंडळी उपम्याकडे वळतात, हें निराळें सांगावयास नको.

मराठी माणसाची आणखी एक अडचण असते आणि ती केवळ कसबाची नव्हे. आपल्या तोंडानें आपली थोरवी सांगूं नये, असें तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. चांगलें काम करावें, लोक आपण होऊन येतील, या विश्वासावर पिढ्या गेल्या. या संस्काराला हंसण्याचें कारण नाहीं. फुशारकी मारणाऱ्यापेक्षां तो केव्हांही बरा. परंतु बादलीच्या त्या भाषणांत स्वतःची स्तुति कोठें आहे? "आम्ही उत्तम" असें एकही वाक्य त्यांत नाहीं. त्यांत दुसऱ्याची अडचण सांगितली आहे, कामाची रीत सांगितली आहे आणि पारख करण्याचें माप गिऱ्हाइकाच्या हातीं दिलें आहे. संकोची माणसाला तर हीच वाट अधिक सोयीची.

शिवाय थोडक्यांत धंदा सांगण्याची कला महाराष्ट्राला अगदींच परकी नाहीं. "आमची शाखा कोठेंही नाहीं" ही पुण्याची प्रसिद्ध पाटी म्हणजे चार शब्दांचें भाषणच. माल एके ठिकाणीं होतो, एकाच हातचा असतो, आणि दुसरीकडे त्याच नांवानें जें मिळेल तें आमचें नव्हे, इतकें सगळें त्या चार शब्दांत येतें. विक्रेत्याचा थोडा ताठाही येतो, तो भाग अलाहिदा. त्या पाटीची खरी गंमत अशी कीं, आपल्याकडे काय नाहीं तें ती सांगते. जेवणें करून देणाऱ्या बाईंनीं "लग्नाचीं मोठीं जेवणें घेत नाहीं, बारसें, मुंज, साठी, पंचवीस पानांपासून ऐंशी पानांपर्यंत" असें सांगितलें, तर ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतोच. सर्व कांहीं करणारा माणूस कोणालाच नीट आठवत नाहीं.

तयारीचा भाग फारसा अवघड नाहीं. फक्त ती करावी लागते. मजकूर लिहून काढावा आणि मोठ्यानें, घड्याळ पुढें ठेवून, म्हणून पाहावा. मनांत वाचलें कीं वेळ नेहमींच कमी भरतो. मग पंचावन्न सेकंदांत येईपर्यंत शब्द गाळावे. पहिलें आणि शेवटचें वाक्य तेवढें पाठ असावें. मधलें पाठ केल्यास एक शब्द निसटतांच सारी माळ ओघळते. आरंभीं नांव सांगितलें तरी तें खुर्च्यांच्या आणि बशांच्या आवाजांत बुडतें, म्हणून शेवटीं तें पुन्हां, सावकाश सांगावें. हातांत कागद असण्यांत कमीपणा नाहीं. वेळेचें बंधन मात्र सौजन्याचें आहे. चाळीस जणांनीं वीस-वीस सेकंद अधिक घेतले तर तेरा मिनिटांहून अधिक वेळ होतो, आणि तो कोणाच्या तरी लोकलच्या वेळांतून जातो.

कांहीं व्यवसायांना ही मोकळीक नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. भारतांत वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणें काम मिळविण्यासाठीं स्वतःची जाहिरात करतां येत नाहीं. डॉक्टर आणि सनदी लेखापाल यांच्यावरही त्यांच्या त्यांच्या नियमांचीं बंधनें आहेत. अशा सभासदानें मागणी न करतां विषयाची माहिती तेवढी द्यावी आणि आपले नियम आधीं वाचावे.

राहिली ती सर्वांत नाजूक बाब. मराठींत कोणासाठीं रदबदली करण्याला शब्द टाकणें म्हणतात, आणि ती केवळ बोलण्याची लकब नव्हे. विमा-प्रतिनिधीनें आपल्या आत्याच्या सोसायटींत त्या कंत्राटदाराचें नांव सुचविलें, म्हणजे त्यानें स्वतःचा शब्द तेथें टाकला. गच्ची पुन्हां गळली तर कंत्राटदाराचें एक गिऱ्हाईक जाईल. विमा-प्रतिनिधीला मात्र दर दिवाळीला आत्याच्या घरीं त्याच छताखालीं फराळाला बसावयाचें असतें. म्हणूनच एका मिनिटांतलें प्रत्येक वचन दुसऱ्याच्या खर्चानें दिलेलें असतें. "दोन दिवस पाणी अडवून ठेवतों" असें सांगितलें तर तें ठेवलेंच पाहिजे, पावसाळा तोंडावर आला असला आणि मजुरांची टंचाई असली तरीही. जें निभावतां येणार नाहीं तें त्या साठ सेकंदांत घालूं नये. मिनिट थोडें रिकामें गेलें तरी चालेल.

सभा संपल्यावर कार्डांची देवघेव होते. जातां जातां कोणी तरी कंत्राटदाराच्या हातांत चिठ्ठी देतो: अमुक इमारत, तिसरा मजला, सेक्रेटरींचा फोन. तो फोन त्याच दिवशीं किंवा फार तर दुसऱ्या दिवशीं करावा. आणि काम मिळो वा न मिळो, ज्यानें चिठ्ठी दिली त्याला काय झालें तें कळवावें. न कळविल्यास पुढच्या आठवड्यांत साडेसात वाजतां तोच माणूस शेजारीं येऊन बसतो, आणि बशी पुढें ओढतांना पहिला प्रश्न तोच विचारतो, "आत्याच्या गच्चीचें काय झालें?"